मुलांच्या कानातलं पाणी आणि पडद्यातली नळी: पालक नेहमी विचारतात ते प्रश्न

मी श्रवणतपासणीचं काम करते. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी या पट्ट्यातले आईवडील मुलांना तपासायला आणतात तेव्हा आणि नंतर फोनवर जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. कानात साठलेल्या पाण्यासाठी पडद्यात बारीक नळी बसवतात, त्या ऑपरेशनचा निर्णय कान पाहिलेल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांबरोबरच घ्यायचा. पण त्यांच्यासमोर बसण्याआधी हे वाचलेलं असेल, तर काय विचारायचं ते तुम्हाला ठाऊक असेल.

१. डॉक्टर म्हणाले, कानात पाणी झालंय. आंघोळीचं पाणी आत राहिलं का?

नाही. आंघोळीचं पाणी पडद्यापर्यंत जातं आणि तिथेच थांबतं. हे पाणी पडद्याच्या आतल्या बाजूला, मधल्या कानात, शरीरातूनच पाझरलेलं असतं. मधल्या कानापासून नाकाच्या मागच्या भागापर्यंत एक बारीक नलिका जाते. आपण गिळतो, जांभई देतो तेव्हा ती उघडते आणि आत ताजी हवा जाते. लहान मुलांत ही नलिका आखूड, आडवी आणि मऊ असते, त्यामुळे सर्दी झाली की लगेच बंद पडते. आतली हवा शोषली जाते, तिच्या जागी पाणी साठतं. जास्त दिवस राहिलं तर ते डिंकासारखं घट्ट होतं. शाळेत जायच्या वयापर्यंत बहुतेक मुलांना एकदा तरी असं होऊन जातं आणि बहुतेकांचं आपोआप बरंही होतं. कान टोचल्यामुळे हे होतं का, असंही बऱ्याच आज्या विचारतात. त्याचा काहीच संबंध नाही.

२. दुखत नाही, ताप नाही, कान वाहत नाही. मग ओळखायचं कसं?

दुखत नाही म्हणूनच हे महिनोन् महिने लक्षात येत नाही. टीव्हीचा आवाज वाढवणं, प्रत्येक गोष्टीला ‘काय?’ म्हणणं, मागून हाक मारली तर वळून न पाहणं, स्वतः मोठ्याने बोलणं, गोंगाटात गप्प बसणं ही लक्षणं बघा. काही मुलं चालताना वारंवार अडखळतात, कारण तोल सांभाळणारं इंद्रिय कानातच असतं. अगदी लहान बाळ नुसतं कान ओढत राहतं किंवा त्याचं बोलणं उशिरा सुरू होतं. ऐकणं रोज सारखं नसतं हेही लक्षात ठेवा. आज नीट ऐकलं आणि उद्या नाही, यावरून ‘मुद्दाम करतोय’ असा समज होतो आणि पोर विनाकारण मार खातं.

३. मुलीला यंदा कन्नड माध्यमात घातलं. बाई म्हणतात, घरी मराठी असल्यामुळे तिला भाषा कळत नाही, वर्षभरात येईल. थांबू का?

थांबू नका, आधी कान तपासा. आपल्या भागात सर्वांत जास्त वेळ इथेच वाया जातो. घरी मराठी, शाळेत कन्नड, वर इंग्रजी, त्यामुळे मूल मागे पडलं की दोष भाषेला देऊन सगळे मोकळे होतात. यात शिक्षकांची चूक आहे असं मी म्हणणार नाही. पन्नास मुलांच्या वर्गात नवीन भाषेमुळे गोंधळलेलं मूल आणि ऐकू न येणारं मूल अगदी सारखीच दिसतात.

कानात पाणी असलेल्या मुलाचं ऐकणं साधारण २५ ते ३० डेसिबलने कमी झालेलं असतं. कुजबुज जवळजवळ तेवढ्याच आवाजाची असते. म्हणजे मूल बहिरं नसतं. समोर बसून बोललेलं कळतं, पण फळ्याकडे तोंड करून बाई बोलतात ते अर्धवट पोचतं. स, श, फ, त असे हलके आवाज आणि शब्दांची शेवटं आधी गळतात. कन्नडमध्ये तर अर्थ शेवटालाच असतो: ‘माडुत्ताने’ म्हणजे तो करतो, ‘माडुत्ताळे’ म्हणजे ती करते. मराठीतलं ‘करतो’, ‘करते’ मूल घरी हजारदा ऐकून अंदाजाने भरून काढतं. नव्या भाषेत अंदाज बांधायला हाताशी काहीच नसतं. म्हणून ऐकणं थोडंसंच कमी असलं तरी दुसऱ्या भाषेत त्याचा फटका मोठा बसतो.

घरी एक गोष्ट करून बघा. मूल खेळात असताना मागून, तोंड दिसणार नाही असं उभं राहून, हळू आवाजात मराठीतच काहीतरी सांगा, त्याच्या आवडीचं. घरच्या भाषेतलंही सुटत असेल तर प्रश्न कन्नडचा नाही. मराठीतलं सगळं बरोबर ऐकलं तरी शंका असल्यास तपासणी करा. ती सोपी आहे आणि दुखत नाही.

४. तपासणीत काय करतात?

आधी डॉक्टर दुर्बिणीतून पडदा बघतात. मग टिंपॅनोमेट्री: कानात रबरी बोंडी ठेवून हवेचा दाब किंचित बदलतात आणि पडदा किती हलतो याचा आलेख येतो. आत पाणी असेल तर पडदा हलत नाही आणि रेघ सपाट येते. कागदावर ‘टाइप बी’ लिहिलेलं दिसतं ते हेच. एका मिनिटाचं काम आहे. तिसरी ऑडिओमेट्री, म्हणजे कोणता आवाज किती हळू असेपर्यंत ऐकू येतो ते मोजणं. चार-पाच वर्षांपुढची मुलं हेडफोन लावून सांगतात. त्याहून लहानांकडून आवाज आला की मणी टाकायचा, असा खेळ करून घेतो. अगदी तान्ह्यांसाठी झोपेत करायची बेरा तपासणी असते, तीत आवाजाला मेंदूकडून येणारा प्रतिसाद मोजतात.

नुसता सपाट आलेख बघून ऑपरेशन ठरत असेल तर ‘ऑडिओमेट्री झाली का?’ हा प्रश्न जरूर विचारा. पाणी आहे की नाही हे एक, आणि त्याने ऐकणं किती कमी झालंय हे दुसरं. निर्णय दुसऱ्यावर अवलंबून असतो.

५. तीन महिने थांबा म्हणतात. ही टाळाटाळ तर नाही?

नाही, उपचाराचा तो भागच आहे. पुष्कळ मुलांचं पाणी, विशेषतः सर्दीनंतर साठलेलं, तीन महिन्यांच्या आत आपोआप ओसरतं. त्याआधी नळी घातली तर विनाकारण भूल दिल्यासारखं होतं. ऋतूचाही संबंध आहे. खानापूरकडच्या पावसात आणि त्यानंतरच्या थंडीत सर्दी हटत नाही, कानही मोकळे होत नाहीत. उन्हाळा लागला की बरीच मुलं सुधारतात.

पण थांबायचं ते मोजून. आज मोजलं, तीन महिन्यांनी परत मोजायचं, आणि दोन्ही कागद जपून ठेवायचे. परत तपासणी न करता थांबणं ही मात्र खरी हयगय आहे. ज्यांनी थांबू नये अशी मुलं प्रश्न १५ मध्ये आहेत.

६. तोवर गोळ्या, नाकातले थेंब, लसणीचं तेल?

या पाण्यासाठी अँटिबायोटिक, सर्दीच्या गोळ्या, नाक मोकळं करणारे थेंब किंवा स्टिरॉइड यांचा टिकाऊ फायदा होत नाही, हे अनेक अभ्यासांतून स्पष्ट झालं आहे. ॲलर्जीने सतत शिंका, नाक गळणं असेल तर त्या ॲलर्जीचं औषध घ्यावं, पण कानासाठी म्हणून नव्हे. तेल पडद्याच्या बाहेरच राहतं, आत पोचतच नाही. गरम तेलाने भाजण्याची आणि ओल्या कानात बुरशी धरण्याची भीती मात्र खरी. बाजारात कान साफ करून देणाऱ्यांकडे मुलाला अजिबात बसवू नका.

उपयोगी काय? घरात विडी-सिगारेट बंद. ‘मी बाहेर ओट्यावर ओढतो’ हे चालत नाही, धूर कपड्यांतून आणि दारातून घरात येतोच. चुलीच्या धुरापासूनही मूल लांब ठेवा. बाळाला आडवं निजवून बाटली देऊ नका. अंगावरचं दूध जितके महिने पाजता येईल तितकं चांगलं. थोड्या मोठ्या मुलांसाठी नाकाने फुगवायचा खास फुगा मिळतो. दिवसातून दोन-तीनदा, आठवडेच्या आठवडे नेटाने केलं तर काहींना फायदा होतो. डॉक्टरांना विचारून घ्या.

७. मग नळी नक्की कोणाला लागते?

दोन्ही कानांत तीन महिन्यांहून जास्त काळ पाणी आहे आणि मोजणीत ऐकणं कमी आलंय, अशा मुलांना प्रामुख्याने. पाणी आहे पण ऐकणं ठीक आहे, बोलणं-अभ्यास ठीक आहे, तर तीन ते सहा महिन्यांनी तपासत राहणं पुरतं. पडदा आत ओढला जाऊन चिकटू लागला असेल तर डॉक्टर लवकर निर्णय घेतात. वारंवार पू होऊन कान दुखणाऱ्या मुलांनाही कधी नळी सुचवतात, पण तपासणीच्या दिवशी आत पाणी दिसत असेल तरच.

एक गोष्ट पालकांना सांगायलाच हवी. नळीने ऐकणं लगेच सुधारतं, पण इतर काही आजार नसलेल्या मुलांत दीड-दोन वर्षांनी नळी घातलेल्यांचं आणि न घातलेल्यांचं ऐकणं साधारण सारखंच होतं, कारण तोवर बहुतेकांचं पाणी गेलेलं असतं. नळीने मिळतात ते मधले महिने. मूल बोलायला शिकतंय, पहिलीत बसलंय, नवी भाषा कानावर पडतेय, तेव्हा त्या महिन्यांची किंमत मोठी असते. मूल घरी-शाळेत छान चाललं असेल तर तीच किंमत कमी होते. हे मोल पालकांनीच ठरवायचं असतं. ऑपरेशन नकोच असेल तर तेवढ्या काळापुरतं कानाचं मशीन हा रास्त पर्याय आहे.

८. ही नळी असते कशी?

डॉक्टर तिला ग्रॉमेट म्हणतात. प्लास्टिकची, सिलिकॉनची किंवा टायटॅनियमची, दोऱ्याच्या रिळासारख्या आकाराची, आतलं भोक साधारण एक मिलिमीटरचं. पडद्याला बारीक चीर देऊन आतलं पाणी ओढून घेतात आणि चिरेत ही बसवतात. लोकांना वाटतं नळीतून पाणी बाहेर वाहत राहतं. तिचं खरं काम हवा आत नेणं. प्रश्न १ मधली बंद पडलेली नलिका जे करत नाही, ते ही बाहेरून करते. अमेरिकेत बेव्हर्ली आर्मस्ट्राँग या डॉक्टरांनी १९५४ मध्ये प्लास्टिकची नळी वापरून ही पद्धत रूढ केली. म्हणजे तुमच्या मुलावर नवीन प्रयोग होत नाही.

९. पडद्याला भोक पाडल्यावर पोरगा कायमचा बहिरा होणार नाही ना?

नाही. नळी पडली की भोक बहुतेक मुलांत आपोआप बुजतं. साध्या नळीनंतर शंभरातल्या मोजक्या मुलांत ते राहून जातं. लागलंच तर पुढे पडदा शिवण्याचं ऑपरेशन करता येतं. जास्त काळ टिकणाऱ्या ‘टी’ आकाराच्या नळीत हा धोका अधिक, म्हणून ती पहिल्या खेपेला सहसा घालत नाहीत. पडद्यावर खडूसारखे पांढरे डाग राहू शकतात. त्याने ऐकण्यात जाणवेल असा फरक सहसा पडत नाही.

१०. ऑपरेशनच्या दिवशी काय होतं?

मुलांना पूर्ण भूल देतात, कारण डोकं जराही हलून चालत नाही. दूध आणि खाणं सहा तास आधी बंद. साधं पाणी कधीपर्यंत चालेल ते भूलतज्ज्ञ सांगतील. घरातून कोणी मायेने पहाटे दोन बिस्किटं दिली तर ऑपरेशन पुढे ढकलावं लागतं, तेव्हा आजी-आजोबांनाही आधीच सांगून ठेवा. आदल्या दिवशी ताप किंवा छातीत घरघर असेल तर न लपवता कळवा. नळीचं काम दहा-पंधरा मिनिटांचं, टाका नसतो, त्याच दिवशी घरी सोडतात. पहिल्या दिवशी थोडं लालसर पाणी येऊ शकतं. काही मुलं घरी येताच मिक्सरच्या आवाजाला दचकतात, कान झाकतात. आठवड्याभरात सवय होते.

११. ॲडेनॉइडही काढू या म्हणतात. गरज आहे का?

नाकाच्या मागे असलेली ही गाठ वाढली की नाक आणि कानाच्या नलिकेचं तोंड दोन्ही अडतं. मूल तोंड उघडं टाकून झोपतं, घोरतं. चार वर्षांपुढच्या मुलांत ती काढल्यास पुन्हा नळी घालण्याची वेळ कमी येते. त्याहून लहान असताना फक्त कानासाठी सहसा काढत नाहीत. नाक अडणं, घोरणं हे त्रास असतील तर गोष्ट वेगळी.

१२. आंघोळ, विहीर, नदी?

रोजच्या आंघोळीला बंदी नाही. भोक इतकं बारीक असतं की साधं पाणी सहज आत शिरत नाही. साबणाचं पाणी मात्र शिरतं, म्हणून न्हाऊ घालताना कानाच्या तोंडाशी व्हॅसलीन लावलेला कापसाचा बोळा ठेवा.

स्वच्छ तलावात वरच्या वर पोहायला बहुतेक मुलांना चालतं, कानात बोंडी घालायची सक्ती नसते. आपल्याकडे प्रश्न विहिरीचा आणि नदीचा असतो. सुट्टीत गावी गेल्यावर विहिरीत सूर मारणं आणि पावसाळ्यात मलप्रभा, घटप्रभा, मार्कंडेयच्या गढूळ पाण्यात उतरणं नळी असेपर्यंत नको. सूर मारला की दाबाने पाणी आत ढकललं जातं, आणि ते पाणी स्वच्छही नसतं. सौंदत्तीला जोगणभावीत आंघोळ घालायची असेल तर तांब्याने अंगावर घ्या, डोकं बुडवू नका.

१३. नळी घातल्यावर कान वाहायला लागला. बिघडलं का?

घाबरू नका. सर्दीत असं होतं, साधारण दर चार मुलांपैकी एकाला कधीतरी होतंच. नळी उघडी आहे म्हणून तर पू बाहेर आला. उपचार म्हणजे सिप्रोफ्लॉक्सॅसिन किंवा ओफ्लॉक्सॅसिनचे कानातले थेंब. मूल एरवी बरं असेल तर तोंडाने अँटिबायोटिक सहसा लागत नाही. आधी बाहेरचा पू मऊ कापडाने पुसा, मूल कुशीवर निजवा, थेंब टाका, मग कानाच्या भोकापुढचा उंचवटा बोटाने चार-पाच वेळा दाबा, म्हणजे औषध आत उतरतं.

मेडिकलमधून मनाने थेंब आणू नका. जेंटामायसिन किंवा निओमायसिन असलेले थेंब नळीतून आत गेले तर आतल्या कानाला इजा होऊ शकते. बाटलीवरचं नाव डॉक्टरांना दाखवूनच वापरा. आठवड्यात थांबलं नाही, रक्त आलं, कानामागे सूज येऊन कान पुढे ढकलला गेला, चेहरा एका बाजूला वाकडा झाला किंवा मूल सुस्तावलं, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

१४. नळी किती दिवस राहते? पडली तर कळेल का? परत पाणी झालं तर?

साधी नळी सहा महिने ते दीड वर्ष राहते. पडद्याची त्वचा वाढते तशी ती बाहेर सरकते आणि मळाबरोबर पडते. बहुतेक घरांत कधी पडली ते कळतही नाही. म्हणून ऑपरेशननंतर तीन महिन्यांच्या आत एकदा आणि पुढे दर चार-सहा महिन्यांनी दाखवा. त्यातल्या पहिल्या भेटीत ऑडिओमेट्री करून घ्या. नळीनंतरही ऐकणं कमीच असेल तर कारण पाणी नव्हतं, ते शोधायला हवं. ही भेट चुकवू नका असं मी प्रत्येक आईला सांगते. दोन-तीन वर्षांनीही नळी जागेवरच असेल तर डॉक्टर ती काढायचं ठरवतात.

चार-पाच मुलांतल्या एकाला पुन्हा नळी लागते. पहिलं ऑपरेशन फसलं असा त्याचा अर्थ नाही, त्याची नलिका अजून तयार झालेली नाही. तेव्हा प्रश्न ११ पुन्हा वाचा.

१५. बाळाची टाळू फाटलेली आहे. हेच नियम लागू?

नाहीत. टाळू फाटलेल्या जवळजवळ सगळ्या बाळांच्या कानात पाणी होतं, कारण नलिका उघडणारे स्नायू टाळूतच असतात. टाळूच्या ऑपरेशनच्या वेळीच कान बघून गरजेनुसार नळी घालता येते. डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांतही पाणी वारंवार होतं आणि कानाचा मार्ग अरुंद असल्याने नळी बसवणं अवघड जातं. तिथे मशीन हा चांगला मार्ग ठरू शकतो. आधीच नसेची श्रवणहानी, दृष्टिदोष, स्वमग्नता किंवा बोलण्याचा उशीर असलेल्या मुलांना तीन महिन्यांचा नियम आंधळेपणाने लावू नये. त्यांच्याकडे गमवायला वेळ कमी असतो.

१६. गोव्याला चोर्ला घाटातून किंवा विमानाने जायचंय. नळी असताना चालेल?

चालेल, उलट सोपं जाईल. नळीमुळे दोन्ही बाजूंचा दाब सारखा राहतो. नळी नसलेल्या, सर्दी झालेल्या मुलाला घाट उतरताना जास्त त्रास होतो. त्याला घोट-घोट पाणी द्या, तान्ह्याला पाजा.

१७. कुठे दाखवायचं, खर्च कसा भागवायचा?

बेळगावात बिम्सचं (सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचं) जिल्हा रुग्णालय आणि केएलईचं रुग्णालय, दोन्हीकडे कान-नाक-घसा विभाग आहेत. निपाणीकरांना कोल्हापूर आणि चिकोडी-कागवाडकडच्यांना मिरज जवळ पडतं. अंगणवाडीत आणि सरकारी शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, ते जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची श्रवणदोषासाठीही तपासणी करतं. पथक येईल त्या दिवशी मुलाला शाळेत पाठवा आणि तुमची शंका चिठ्ठीवर लिहून द्या.

कर्नाटकाचं बीपीएल रेशनकार्ड असेल तर २०१८ पासून सुरू असलेल्या आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. तातडीचं नसलेल्या ऑपरेशनला आधी सरकारी रुग्णालयाची शिफारसचिठ्ठी लागते. थेट खाजगीत दाखल होऊन नंतर चिठ्ठी शोधली तर अडचण येते. महाराष्ट्र सरकारने २०२३ मध्ये महात्मा फुले जनआरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांनाही लागू करण्याचा निर्णय घेतला. कोणतीही योजना वापरा, दाखल होण्याआधी तिथल्या आरोग्यमित्राला (रुग्णालयात योजनेसाठी मदत करणाऱ्या माणसाला) ‘ग्रॉमेट’ हे नाव सांगून ते बसतं का आणि कोणते कागद लागतील ते विचारा.

१८. शाळेत काय सांगू?

पहिल्या बाकावर, भिंतीपासून आणि रस्त्याकडच्या खिडकीपासून लांब बसवा. आधी नाव घ्या, मूल बघू लागलं की बोला. कन्नडमध्ये लिहून दिलेली चार ओळींची चिठ्ठी आणि सोबत ऑडिओमेट्रीची झेरॉक्स दिली की शिक्षक मनापासून करतात, हा माझा अनुभव आहे.

१९. एकाच कानात पाणी असेल तर?

एका चांगल्या कानावर मूल बरंच निभावून नेतं, म्हणून सहसा थांबून बघतात. शाळेत मागे पडणं, तोल जाणं, कान दुखणं असेल तर नळीचा विचार होतो.

मोठ्या माणसांत मात्र गोष्ट वेगळी. मुलाला घेऊन आलेले वडील किंवा आजोबा सहज सांगतात, ‘माझाही एक कान दोन महिने बंद आहे’. मोठ्या माणसाच्या एकाच कानात पाणी राहिलं तर नाकाच्या मागच्या भागात गाठ नाही ना, हे दुर्बिणीतून बघावंच लागतं. त्यांनी तीन महिने थांबू नये.